लिनक्सवर आवाज येत नसेल तर: साउंड कार्डची तपासणी खालून वर

लिनक्स नव्याने टाकलं, वायफाय चालतं, स्क्रीन नीट दिसते, पण गाणं लावलं की शांतता. अशा वेळी इंटरनेटवर सापडेल ती कमांड टर्मिनलमध्ये चिकटवण्याचा मोह होतो. त्याने बहुतेकदा मूळ बिघाड तसाच राहतो आणि वर दुसरा तयार होतो. साउंड सर्व्हर काढला जातो, कॉन्फिगरेशनच्या फायली बदलल्या जातात आणि मग नेमकं काय बिघडलंय तेच कळेनासं होतं. म्हणून सुरुवातीला काहीही बदलायचं नाही, फक्त बघायचं. आवाज कुठपर्यंत पोहोचतो आणि कुठे अडतो, एवढं कळलं की पुढचं काम बरंच सोपं होतं.

लिनक्समध्ये आवाजाचे तीन थर असतात. सर्वांत खाली कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, म्हणजे अल्सा. प्रत्यक्ष चिपशी बोलतो तो हाच. त्याच्यावर साउंड सर्व्हर असतो. तो ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर, कॉलिंग अ‍ॅप अशा सगळ्यांचे आवाज एकत्र करून अल्साकडे पाठवतो. पूर्वी हे काम पल्सऑडिओ करायचा. फेडोराने ३४ व्या आवृत्तीपासून (२०२१) आणि उबुंटूने २२.१० पासून ते पाइपवायरकडे सोपवलं. सर्वांत वर तुमचं अ‍ॅप. या तिन्ही ठिकाणी आवाज स्वतंत्रपणे म्यूट होऊ शकतो. त्यामुळे पॅनलवरचा स्लायडर १०० टक्के दाखवत असला तरी खाली कुठेतरी आवाज बंद असू शकतो.

टाइप करण्याबद्दल एक सूचना. इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या लहान रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायच्या. चिन्हं आणि मोकळ्या जागा छापल्या आहेत तशाच ठेवायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी १: वायर, जॅक आणि आउटपुटची निवड

डेस्कटॉपवर मागे तीन किंवा जास्त जॅक असतात. स्पीकर आणि हेडफोन हिरव्यात, माइक गुलाबीत, निळा लाइन-इनसाठी. पुढच्या पॅनलवरचा जॅक मुका असेल तर तोच हेडफोन मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावून बघा. मागे चालला तर कॅबिनेटमधली पुढच्या पॅनलची वायर मदरबोर्डवर लावलेली नाही किंवा सैल झाली आहे, अशी शक्यता मोठी. मोबाइलचा हेडसेट, म्हणजे पिनवर तीन काळ्या रेघा असलेला, डेस्कटॉपच्या साध्या जॅकमध्ये लावला तर ऐकू येईल पण माइक चालणार नाही. त्यासाठी माइक आणि हेडफोन वेगळे करणारा स्प्लिटर लागतो.

आता सेटिंग्जमध्ये साउंड उघडा आणि आउटपुट डिव्हाइस काय दाखवतंय ते बघा. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट निवडलेलं असेल तर आवाज मॉनिटरकडे जातोय, आणि पुष्कळ मॉनिटरना स्पीकरच नसतात. स्पीकर किंवा अ‍ॅनालॉग निवडून बघा. नव्या माणसाच्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात.

यादीत फक्त ‘डमी आउटपुट’ दिसत असेल, तर साउंड सर्व्हरला वापरण्याजोगं एकही कार्ड सापडलेलं नाही. कार्ड नसल्यामुळे सर्व्हरने खोटं आउटपुट उभं केलं आहे, त्यामुळे व्हॉल्यूम वाढवून काहीच होणार नाही. थेट पुढच्या पायरीवर जा.

पायरी २: कर्नलला कार्ड दिसतंय का?

टर्मिनल उघडून ही कमांड द्या:

एप्ले -एल

(स्पेलिंग: ए, पी, एल, ए, वाय. ही कमांड नाही असं उत्तर आलं तर अल्सा-युटिल्स हे पॅकेज टाका.) सगळं ठीक असेल तर साधारण अशी ओळ दिसते:

कार्ड ०: पीसीएच [एचडीए इंटेल पीसीएच], डिव्हाइस ०: एएलसी२५७ अ‍ॅनालॉग

या ओळीतल्या तीन गोष्टी टिपून ठेवा. कार्डचा क्रमांक, डिव्हाइसचा क्रमांक आणि कोडेकचं नाव, म्हणजे इथे रिअलटेकची एएलसी२५७ ही चिप. क्रमांक शून्यापासून सुरू होतात. ग्राफिक्स कार्डाचं एचडीएमआय बहुधा वेगळं कार्ड म्हणून येतं, आणि कधीकधी शून्य क्रमांक त्यालाच मिळतो. म्हणून ‘कार्ड ०’ म्हणजे स्पीकरच असं धरून चालू नका.

‘नो साउंडकार्ड्स फाउंड’ असं उत्तर आलं तर लगेच घाबरायचं कारण नाही. कार्ड आहे पण तुमच्या युजरला परवानगी नाही, तरीही हेच उत्तर येतं. खात्रीसाठी:

कॅट /प्रॉक/असाउंड/कार्ड्स

ही फाइल कुणालाही वाचता येते. इथे कार्ड दिसलं आणि वर दिसलं नाही, तर प्रश्न परवानगीचा आहे. बाहेर पडून ग्राफिकल डेस्कटॉपवर पुन्हा लॉगिन करा. लॉगिन केलेल्या माणसाला साउंडची परवानगी यंत्रणा आपोआप देते, त्यामुळे स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये घालायची सहसा गरज नसते. इथेही कार्ड नसेल तर पायरी ३. दोन्हीकडे दिसत असेल तर ३ सोडून ४ वर जा.

पायरी ३: कार्डच नाही

मदरबोर्डवरच्या साउंडसाठी:

एलएसपीसीआय -एनएनके

लांबलचक यादी येईल. त्यात ‘ऑडिओ डिव्हाइस’ किंवा ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ असलेली ओळ शोधा. शेवटच्या चौकटी कंसात कोलनने जोडलेले दोन भाग असतात, त्यातला पहिला कंपनी सांगतो. ८०८६ म्हणजे इंटेल, १०२२ आणि १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. शेवटची असेल तर ते ग्राफिक्स कार्डाचं एचडीएमआय आहे, स्पीकरचं नव्हे. त्या ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ आणि पुढे एसएनडीने किंवा एसओएफने सुरू होणारं नाव दिसायला हवं. यूएसबी साउंड कार्ड असेल तर ‘एलएसयूएसबी’ ही कमांड द्या, आणि हबमधून लावलं असेल तर ते काढून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा.

ऑडिओची ओळच नसेल तर साउंड बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) बंद केलेलं असण्याची शक्यता मोठी. बायोसमध्ये ‘ऑनबोर्ड ऑडिओ’ किंवा ‘एचडी ऑडिओ’ असा पर्याय शोधून चालू करा.

ओळ आहे पण ड्रायव्हरचं नाव नाही, किंवा नाव आहे तरी कार्ड उभं राहत नाही, तर कर्नल काय म्हणतोय ते वाचा (सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने):

सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय एसओएफ

यातला एसओएफ महत्त्वाचा आहे. गेल्या काही वर्षांतल्या इंटेल लॅपटॉपमध्ये साउंडचं काम एका वेगळ्या प्रोसेसरकडे, डीएसपीकडे असतं, आणि त्याला साउंड ओपन फर्मवेअर नावाचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं. ते डिस्कवर नसेल तर ‘फर्मवेअर फाइल इज मिसिंग’ अशा अर्थाची ओळ इथे दिसते. पॅकेजचं नाव डेबियन आणि उबुंटूवर फर्मवेअर-सॉफ-साइन्ड, फेडोरावर अल्सा-सॉफ-फर्मवेअर, आर्चवर सॉफ-फर्मवेअर. डेबियन १२ पासून ते नॉन-फ्री-फर्मवेअर या विभागात आहे, म्हणून तो विभाग सॉफ्टवेअरच्या स्रोतांमध्ये चालू असावा लागतो. पॅकेज टाकल्यावर कॉम्प्युटर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा.

यावर एक तोडगा फार फिरतो. मोडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंग्जच्या) फाइलमध्ये डीएसपी_ड्रायव्हर=१ असं लिहून जुना ड्रायव्हर जबरदस्तीने लावायचा. त्याने काही मशीनवर स्पीकर वाजू लागतो, पण लॅपटॉपमधला डिजिटल माइक त्याच डीएसपीला जोडलेला असतो आणि तो गायब होतो. पुढे कधी कॉल करताना माइक सापडत नाही, आणि तोवर ही ओळ लिहिल्याचं लक्षात राहिलेलं नसतं. म्हणून आधी फर्मवेअर, मग नवा कर्नल, आणि हा तोडगा अगदी शेवटी.

लॅपटॉप बाजारात नुकताच आलेला असेल आणि तुमची लिनक्स आवृत्ती जुनी असेल, तर कर्नलला त्या चिपची ओळखच नसते. तिथे नवा कर्नल घेणं हाच खरा उपाय. उलट कालपर्यंत आवाज होता आणि अपडेटनंतर गेला असेल, तर सुरू होताना ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. त्यावर आवाज आला तर दोष नव्या कर्नलमध्ये आहे, आणि सेटिंग्ज उकरत बसायची गरज नाही.

पायरी ४: अल्सामिक्सर

कार्ड दिसतं, तरी आवाज नाही. आता टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ असं लिहा. इथे घाई करू नका. बंद पडलेला आवाज सापडण्याची सर्वांत जास्त शक्यता याच पडद्यावर आहे.

उघडताच बहुतेकदा एकच उभी पट्टी दिसते आणि वर कार्ड म्हणून पाइपवायर किंवा पल्सऑडिओचं नाव असतं. हा खरा मिक्सर नव्हे, साउंड सर्व्हरचा मुखवटा आहे. एफ६ दाबा, यादीतून खरं कार्ड निवडा, म्हणजे एचडीए इंटेल किंवा तुमच्याकडे जे असेल ते. आता ओळीने पट्ट्या दिसतील: मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम वगैरे. डाव्या-उजव्या बाणाने पट्टी बदलते, वरच्या-खालच्या बाणाने आवाज.

बहुतेक पट्ट्यांच्या तळाशी एक छोटी चौकट असते. त्यात दोन शून्यं असतील तर ती वाट उघडी. दोन ‘एम’ असतील तर म्यूट. त्या पट्टीवर जाऊन ‘एम’ हे अक्षर दाबलं की एमएमचं शून्य-शून्य होतं. मास्टर, स्पीकर आणि पीसीएम तिन्ही उघडे हवेत. यातला एक जरी म्यूट असला तरी बाकीचे शंभरावर नेऊन उपयोग नाही. ‘बास स्पीकर’ किंवा ‘लाइन आउट’ दिसत असेल तर तेही उघडा.

उजवीकडे सरकत गेलात की ‘ऑटो-म्यूट मोड’ सापडेल. हेडफोन लावला की स्पीकर बंद करणं हे त्याचं काम. पण जॅकमधला सेन्सर बिघडला किंवा आत कचरा अडकला की हेडफोन कायम लावलेला आहे असं कॉम्प्युटरला वाटतं आणि स्पीकर कायमचा मुका होतो. वरच्या बाणाने तो ‘डिसेबल्ड’ करून बघा. स्पीकर बोलू लागला तर जॅक तपासायला हवा.

पट्टी निवडल्यावर वर डीबी गेनचा आकडा दिसतो. तो शून्य असेल तर सिग्नल मूळ पातळीवर जातो. माइक बूस्टसारख्या पट्ट्या त्यापुढे नेल्या की आवाजाबरोबर खरखरही वाढते. एस्केपने बाहेर पडा. इथे केलेले बदल रीस्टार्टनंतर उडत असतील तर ते असे जपून ठेवता येतात:

सुडो अल्सासीटीएल स्टोअर

पायरी ५: सर्व्हरला वगळून थेट चाचणी

सबंध तपासणीत सर्वांत जास्त काही सांगून जाणारी चाचणी हीच:

स्पीकर-टेस्ट -डी प्लगएचडब्ल्यू:०,० -सी २ -टी डब्ल्यूएव्ही

इथे ‘-डी’ मधलं डी मोठं अक्षर. ०,० च्या जागी पायरी २ मध्ये टिपलेला कार्ड आणि डिव्हाइसचा क्रमांक. आधी हेडफोनचा आवाज कमी ठेवा, कारण मधला सर्व्हर वगळल्यामुळे त्याचा व्हॉल्यूम इथे लागू होत नाही. डावीकडून ‘फ्रंट लेफ्ट’ आणि उजवीकडून ‘फ्रंट राइट’ असं बोललेलं ऐकू यायला हवं. कंट्रोल आणि सी दाबून थांबवा.

‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असं आलं तर कार्ड सर्व्हरच्या ताब्यात आहे. तो बिघाड नाही. ब्राउझर आणि प्लेअर बंद करून थोडं थांबा. काही वाजत नसेल तर पाइपवायर साधारण पाच सेकंदांनी कार्ड मोकळं करतो. तरीही तेच आलं तर कार्ड कुणी धरलंय ते असं कळतं:

फ्युजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*

आवाज आला, तर चिप, ड्रायव्हर, अ‍ॅम्प्लिफायर आणि वायर सगळं ठीक आहे. दोष वरच्या थरात आहे. कर्नल, फर्मवेअर, बायोस यांना आता हात लावू नका आणि पायरी ६ वर जा.

आवाज नाही आला, तर दोष खालीच आहे. त्यातही हेडफोन वाजतो आणि लॅपटॉपचा स्पीकर वाजत नाही असं असेल तर खूण ओळखा. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये स्पीकरसाठी स्वतंत्र स्मार्ट अ‍ॅम्प्लिफायर चिप असते, उदाहरणार्थ सिरस लॉजिकची सीएस३५एल४१. तिला स्वतःचं फर्मवेअर आणि कर्नलमध्ये त्या मॉडेलची नोंद लागते. ती नसेल तर कोडेक नीट काम करतो, मिक्सरमध्ये सगळं उघडं दिसतं आणि स्पीकर मात्र गप्प. लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज आणि कर्नल दोन्ही अद्ययावत करा. मिक्सरच्या पट्ट्या हलवून हे सुटत नाही.

त्याच मशीनवर विंडोजही असेल तर आणखी एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. विंडोजमधून रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलं की कोडेक कधीकधी विंडोजने ठेवलेल्या अवस्थेतच राहतो. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, मशीन पूर्ण बंद करा, डेस्कटॉप असेल तर पॉवरची वायरही अर्धा मिनिट काढून ठेवा आणि थेट लिनक्स सुरू करा.

पायरी ६: साउंड सर्व्हर

आधी कोणता सर्व्हर चालू आहे ते बघा:

पीएसीटीएल इन्फो

‘सर्व्हर नेम’ या ओळीत नुसता पल्सऑडिओ असेल तर पल्सऑडिओ. ‘पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर)’ असं असेल तर काम पाइपवायर करतोय आणि जुन्या अ‍ॅपसाठी पल्सऑडिओची भाषा बोलतोय. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवले की कार्डावरून त्यांची झटापट होते. तुमच्या लिनक्स वितरणाने (उबुंटू, फेडोरा वगैरे) दिलेला एक ठेवा, दुसरा बंद करा.

पाइपवायर असेल तर:

डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस

‘सिंक्स’ या शब्दाखाली आउटपुटची यादी असते. ज्याच्या आधी तारा आहे ते सध्याचं आउटपुट. पुढे व्हॉल्यूम असतो, आणि म्यूट असेल तर तसं लिहिलेलं असतं. दुसरं आउटपुट निवडायला त्याच्या डावीकडचा क्रमांक वापरा, समजा तो ५२ आहे:

डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट ५२

हा क्रमांक कायमचा नसतो, पुढच्या वेळी वेगळा असू शकतो, म्हणून तो कुठल्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नका.

कमांड नकोशा वाटत असतील तर पावूकंट्रोल हा प्रोग्राम टाका. तो दोन्ही सर्व्हरवर चालतो आणि डेस्कटॉपच्या सेटिंग्जपेक्षा बरंच जास्त दाखवतो. गाणं लावून ‘प्लेबॅक’ टॅब उघडा. अ‍ॅपच्या नावाखालची पट्टी हलत असेल तर अ‍ॅप आवाज पाठवतंय. हलत नसेल तर दोष अ‍ॅपमध्येच आहे. बऱ्याचदा ब्राउझरचा तो टॅब म्यूट असतो. ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये प्रत्येक कार्डाचं प्रोफाइल असतं. ते ‘ऑफ’ असेल तर कार्ड कुठेच दिसत नाही. साध्या वापरासाठी ‘अ‍ॅनालॉग स्टिरिओ ड्युप्लेक्स’ निवडा. ड्युप्लेक्स म्हणजे स्पीकर आणि माइक दोन्ही. ‘प्रो ऑडिओ’ रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी आहे, त्यात कार्डाचे कच्चे चॅनेल जसेच्या तसे येतात आणि नवख्या माणसाचा गोंधळ उडतो.

सगळं बरोबर दिसूनही आवाज नसेल तर सर्व्हर पुन्हा सुरू करा:

सिस्टमसीटीएल --युजर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स

इथे सुडो लावायचं नाही. साउंड सर्व्हर तुमच्या लॉगिनच्या नावाने चालतो, रूटच्या (अ‍ॅडमिनच्या) नव्हे. त्यानेही नाही झालं तर होममधल्या .लोकल/स्टेट/वायरप्लंबर या फोल्डरचं नाव बदला, पुन्हा लॉगिन करा. वायरप्लंबर म्हणजे पाइपवायरसाठी आउटपुट निवडणारा प्रोग्राम. त्याच्या आठवणीत साठलेली चुकीची निवड या फोल्डरमध्ये राहते. नवा फोल्डर आपोआप तयार होतो. थेट डिलीट करण्यापेक्षा नाव बदललेलं बरं, परत आणता येतं.

आवाज येतो, पण नीट येत नाही

तडतड किंवा मध्येच तुटणारा आवाज असेल तर ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालवा आणि ‘ईआरआर’ या रकान्याकडे बघत राहा. तडतडीबरोबर तिथला आकडा वाढत असेल तर कॉम्प्युटर वेळेत डेटा पुरवू शकत नाही. पाइपवायर ४८,००० हर्ट्झवर एका वेळी साधारण १,०२४ नमुने पाठवतो, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांचा साठा. तो दुप्पट करून बघा:

पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २०४८

तडतड थांबली तर कारण सापडलं. शेवटचा आकडा ० दिला की मूळ स्थिती परत येते. व्हर्च्युअल मशीनमध्ये हा उपाय बऱ्याचदा लागतो.

आवाज सुरू होताना किंवा थांबल्यावर काही सेकंदांनी ‘टप्प’ असा आवाज येत असेल तर ती वीज वाचवण्याची सोय आहे: कोडेक झोपतो आणि जागा होतो. /ईटीसी/मोडप्रोब.डी मध्ये .कॉन्फ ने संपणारी फाइल करून त्यात एक ओळ लिहा:

ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०

आणि रीस्टार्ट करा. टीएलपी (वीज वाचवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याची स्वतःची सेटिंग हे पुन्हा बदलू शकते, तिथेही शून्य करा.

ब्लूटूथ हेडफोनचा आवाज कॉलच्या वेळी अचानक पत्र्यासारखा होतो, तो बिघाड नव्हे. गाण्यासाठी हेडफोन एटूडीपी प्रोफाइल वापरतो, त्यात माइक नसतो. अ‍ॅपने माइक मागितला की तो हेडसेट प्रोफाइलवर जातो आणि तिथे आवाज मोनो, ८ किंवा १६ किलोहर्ट्झचा. कॉलसाठी लॅपटॉपचा माइक निवडा आणि हेडफोन एटूडीपीवरच ठेवा.

माइक चालत नसेल तर पुन्हा अल्सामिक्सर, या वेळी एफ४ दाबून. ‘कॅप्चर’ पट्टीवर स्पेसबार दाबला की खाली लाल अक्षरांत ‘कॅप्चर’ उमटतं. ते नसेल तर रेकॉर्डिंग बंद आहे. ‘एरेकॉर्ड -एल’ ने माइकची यादी मिळते. काही लॅपटॉपवर माइकसाठी वेगळी की असते आणि तिच्यावरचा दिवा लागला की माइक बंद असतो.

मदत मागायची वेळ आली तर

‘अल्सा-इन्फो --नो-अपलोड’ ही कमांड सगळी माहिती एका मजकुराच्या फाइलमध्ये /टीएमपी खाली ठेवते. ती जोडा, आणि तिच्यात नसलेलं तेवढं स्वतः लिहा: पायरी ५ च्या चाचणीत आवाज आला की नाही, हेडफोन आणि स्पीकर दोन्ही बंद आहेत की एकच, आधीच्या कर्नलवर आवाज होता का, आणि तुम्ही आतापर्यंत कोणत्या फायली बदलल्या. फाइल पाठवण्याआधी एकदा वाचा, कॉम्प्युटरचं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती तिच्यात असते. मॉडेलचं नाव काढून टाकू नका, कारण स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरचा दोष असेल तर उत्तर देणाऱ्याला आधी तेच लागतं.